एकदाच विचारलं

१२ जून
डोकं उठलंय! वोंग्सोआजोबांना पाच महिने तुरुंगवास. माजी सरपंच दार्सोनोंचा गाणारा होला पक्षी पिंजऱ्यासकट चोरला म्हणून. मी त्यांची मोफत वकील — आणि तेवढ्याच किमतीची.

न्यायाधीश सितोहांग सुमात्राचे, बोलणं रोखठोक. निकाल वाचून त्यांनी हक्क नीट समजावले. शिक्षा मान्य करा, सात दिवस विचार करा, नाहीतर वरच्या कोर्टात अपील करा. करायचंय का अपील? आजोबा हात जोडून गोड हसले. "नको नको, साहेब. उगाच तुम्हाला त्रास." म्हणजे शिक्षा मान्य? "आपण म्हणाल तसं." हातोडा पडला! मी खुर्चीतून उठेपर्यंत सगळं संपलं होतं.

१३ जून
तुरुंगात गेले. असं का केलंत, विचारलं. तर आजोबाच नाराज! एवढा मोठा माणूस आणि एकदाच विचारून गप्प बसला, म्हणे. पहिल्याच बोलावर हो म्हणायला आपण काय हावरट आहोत?

खरं आहे. आम्ही जावाची माणसं. चहाचा पेलासुद्धा तीनदा आग्रह झाल्याशिवाय उचलत नाही. आजोबा आरोपीच्या खुर्चीत बसून दुसऱ्या आग्रहाची वाट बघत होते!

दिलेली मान्यता सात दिवसांत मागे घेता येते, हे सांगितलं. त्यांची मान हलेचना. "एकदा नको म्हटलं. आता कुठल्या तोंडानं मागू?" घरी आजीला दिसत नाही. भात आजोबाच शिजवून वाढायचे. मला फार वाईट वाटलं आणि तितकाच रागही आला.

१५ जून
सितोहांगसाहेबांना गाठलं. आणखी एकदाच आग्रह करा, म्हटलं. "बाई, हे कोर्ट आहे की लग्नाची पंगत?" शिपाईसुद्धा हसला.

१६ जून
परत गेले. परत नको. घसा बसला.

१८ जून
युक्ती! गरम भजी आणि गोड चहा घेऊन गेले. ताटलीशेजारी अपिलाचा अर्ज आणि पेन. घ्या ना, आजोबा. नको, आत्ताच जेवलो. थोडं तरी. पोट भरलंय गं. मग मी चेहरा पाडला — एवढ्या उन्हातून आणलंय, नाही घेतलंत तर मनाला लागेल. आजोबांनी सुस्कारा सोडला. एक भजं उचललं आणि त्याच हातानं सही केली. "तू फारच आग्रह करतेस, पोरी."

तेलकट अर्ज दाखल! कारकुनानं आधी वास घेतला, मग शिक्का मारला.

२० जून
तुरुंगात आजोबांसमोर अपिलाची कारणं लिहायला बसले. होला तुमच्याकडे आला कसा? कोर्टात तर 'चूक झाली असेल' एवढंच बोलला होतात. आजोबांनी आधी आढेवेढे घेतले. मग कळलं. सरपंचांच्या ओसरीवर बसून त्यांनी होल्याचं तोंडभर कौतुक केलं होतं. सरपंच म्हणाले, आवडलाय तर घेऊन जा.

"जन्मात पहिल्यांदा मी पहिल्याच बोलावर हो म्हटलं, पोरी."

मग हे कोर्टात का नाही सांगितलंत?

"चारचौघांत त्यांना तोंडघशी कसं पाडू? परत दे म्हणायला त्यांना संकोच वाटला असणार. म्हणून बिचारे पोलिसांत गेले."