फियाटची बॅटरी कोण उतरवतं

४ मे १९८७, डिचोली. संध्याकाळी सात.
आजपासून वही गाडीत. बाबांनी मला चौथीपर्यंत घरीच शिकवलं. तेव्हापासून घरात लिहिलेला कागद दिसला की ते लाल पेनाने तपासतात. मावशीला लिहिलेलं पत्रसुद्धा सुटत नाही. फियाटच्या काचा वर केल्या की कोणी नाही. डासांमुळे काच उघडता येत नाही, पण किल्ली अर्धी फिरवली की डॅशबोर्डवरचा छोटा पंखा चालतो. वर छताचा दिवा आहेच. निश्चय: रोज दोन तास लिहायचं, आणि फक्त खरं लिहायचं.

९ मे.
सकाळी गाडी सुरू झाली नाही. बाबांना दहाला म्हापशाच्या कोर्टात उभं राहायचं होतं. शेजारच्या मधुकरने आपली टॅक्सी आणून तिच्या बॅटरीपासून आमच्या बॅटरीला वायर जोडली, तेव्हा सुरू झाली. ड्रायव्हर दत्ताराम म्हणाला, बॅटरी उतरली. का उतरली, ते त्याला सांगता येईना. बाबांनी चौकशी माझ्यावर सोपवली. वकिलाची मुलगी आहे, कारण शोधल्याशिवाय राहणार नाही.

१३ मे.
पुन्हा तेच. चार दिवसांत तीनदा वायर. मधुकर हल्ली आमचा आवाज ऐकला की आधी वायर घेतो, मग चप्पल घालतो. मेकॅनिक शिवदासने सगळं तपासलं. बॅटरी बरी, डायनॅमो बरा. म्हणाला, "बाय, हिका कोणतरी पिता."
म्हणजे माणूसच. सकाळपासून किल्ली दत्तारामकडे असते. घाईने आरोप करणार नाही.
छताचा दिवा आज मंद. बल्ब बदलायला सांगायला हवं.

१८ मे.
मोठा पुरावा. ड्रायव्हरच्या सीटखाली पेन्सिलीची टरफलं. दत्ताराम दुपारी गाडीत पंखा लावून मटक्याचे आकडे लिहीत असणार. मी टोक नेहमी खिडकीबाहेर काढते. काच बंद असेल तरच आत.

२४ मे.
दत्तारामला सरळ विचारलं, बाबा कोर्टात असताना तू कुठे बसतोस. म्हणे चहाच्या गाड्यापाशी, झाडाखाली. "बाय, दुपारचो गाडीत बसलंय तर माजा भरीत होयत."
उत्तर उद्धट. शिवाय गाडी दुपारी इतकी तापते हे न बसता कसं कळलं? नोंद केली.
पंखा आपोआप मंदावला. बरं झालं, गार वाटत होतं.

३० मे.
आजपासून गोवा राज्य. बाबांना पणजीच्या सोहळ्याचं निमंत्रण, ठेवणीतला कोट. गाडी ठप्प. मधुकर पहाटेच भाडं घेऊन पणजीला गेलेला. सगळ्या आळीने धक्का मारला. कोणीतरी म्हणालं, राज्य मिळालं तरी वकिलांना ढकलावंच लागतं. बाबा पोचले तेव्हा खुर्च्या गोळा करत होते.
संध्याकाळी बाबांनी अहवाल मागितला. चार पानं वाचून दाखवली. संशयाचा फायदा द्यावा का यावर मी आधी पूर्ण दहा मिनिटं विचार केला होता. दत्तारामला काढलं. अकरा वर्षं होता. पायरीवर उभा राहून तो एवढंच म्हणाला, "बाय, सांजेची किल्ली तुमच्याकडेच असता मां?"
मुद्दा सोडून बोलणं. अपराधी माणसं असंच करतात.

२ जून.
दत्ताराम बायकोला, जानकीला, घेऊन आला. मुळगावच्या खाणीवर साहेबाच्या जीपला ड्रायव्हर हवाय, वकिलांची चिठ्ठी असेल तर घेतील. नाही घेतलं तर बांद्याला परत, आणि तिथे शेत नाही, घर भावाचं. बाबा म्हणाले, तू लिही. लिहिलं: गाडी उत्तम चालवतो, दारू पीत नाही. प्रामाणिकपणापाशी अडले. खोटं लिहिणं मला जमत नाही. शेवटी लिहिलं, "प्रामाणिकपणाबद्दल खात्री देता येत नाही." यापेक्षा सौम्य वाक्य सुचलं नाही.
त्याला वाचता येत नाही हे आजच कळलं. मटक्याचे आकडे तेवढे येत असावेत. चिठ्ठी त्याने कपाळाला लावली आणि जपून खिशात ठेवली.

८ जून.
पाच दिवस तापाने अंथरुणात. एक अक्षर लिहिलं नाही. या पाचही दिवसांत गाडी पहिल्याच किल्लीला सुरू, बाबा स्वतः चालवत गेले. दत्ताराम गेला आणि गाडी बरी झाली. आणखी काय सिद्ध करायचं? आज पुन्हा इथे. पंखा छान चालतोय. तीन तास लिहिणार.

९ जून. सकाळी.
गाडी बंद.

१० जून. जेवणाच्या टेबलावर.
काल शिवदास आला. बॉनेट उघडलंच नाही. दार उघडून पंख्याकडे पाहिलं, किल्लीकडे पाहिलं, सीटखाली हात घातला आणि बाबांना विचारलं, "सांजचो हांगा पंखो लावन कोण बसता?" मग सीटवरची ही वही उचलून त्याने बाबांच्या हातात दिली.
जाताना तोच म्हणाला, खाणीवर चिठ्ठी वाचली आणि साहेबाने दत्तारामला जीपला हातही लावू दिला नाही. तिथेच कंत्राटदाराकडे गटारं खणतोय. अजून त्याला वाटतं, वकिलांनी चांगलं लिहिलं होतं, साहेबच वाईट.
नवी चिठ्ठी द्यायचं ठरवलं होतं. पण २ जूनची तारीख घातली तर ते खोटं होईल, आणि आजची घातली तर आज तो आमच्याकडे नोकरीला नाही. तत्त्वात बसत नाही.
वही आत्ता परत मिळाली. बाबांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली आहे. सात ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ, एके ठिकाणी अनुस्वार. बाकी कुठे रेघ नाही. खाली लाल शाईने लिहिलंय: "अक्षर सुधारत आहे."
नवा ड्रायव्हर उद्यापासून.