न उकळलेली नळी

सर, ती नळी मी उकळली नव्हती. बासष्ट-त्रेसष्टची गोष्ट, जळगावच्या आपल्या कॉलेजातली. मी नवीन डेमॉन्स्ट्रेटर, तुम्ही रसायनशास्त्राचे प्राध्यापक, आणि शिकवून उरलेल्या वेळात केळीच्या सालींच्या मागे लागलेले. कापलेलं केळं काळं पडतं ते त्यातल्या एका विकरामुळे, एन्झाइममुळे, आणि विकर उकळलं की मरतं. म्हणून प्रत्येक प्रयोगात दोन नळ्या असायच्या, एकीत सालीचा कच्चा रस, दुसरीत दहा मिनिटं उकळलेला. पहिली काळी पडायची, दुसरी नाही. दुसरीत कधीच काही घडत नसे, आणि जिथे काही घडत नाही तिथे ताटकळायचा मला भारी कंटाळा. त्या दिवशी स्टोव्हमधलं रॉकेल संपलं. मी नळी कोमट पाण्यात बुडवली, काढली, आणि वहीत सुबक अक्षरात लिहिलं, 'दहा मिनिटं उकळली.'

तुम्ही तास संपवून खडूच्या हातांनी आलात. दोन्ही नळ्या काळ्या. तुम्ही दुसरी नळी उजेडात धरलीत तेव्हा मला वाटलं, आता आपण पकडले गेलो. "उद्या परत कर," तुम्ही म्हणालात. "तूच कर. तुझा हात स्वच्छ आहे." दुसऱ्या दिवशी रॉकेल होतं, सर. पण नळी नीट उकळली असती तर आदल्या दिवसाचं खोटं उघडं पडलं असतं. मी पुन्हा कोमट पाण्यावरच भागवलं.

उकळूनही न मरणारं विकर सापडलं म्हणून तुम्ही धुळ्याच्या परिषदेत निबंध वाचलात. बाहेरून आलेल्या एका मोठ्या शास्त्रज्ञाने सगळ्यांसमोर स्टोव्ह पेटवायला लावला. नीट उकळलेली नळी पांढरी ती पांढरीच. "आधी उकळायला शिका," तो म्हणाला आणि सभागृह हसलं. परतीच्या एस.टी.त तुम्ही खिडकीशी, मी शेजारी. पारोळ्याला गाडी थांबते, तुम्ही उतरून माझ्यासाठी चहा आणता. "केळीच्या जातीत फरक असेल," एवढंच म्हणता. मला एकही प्रश्न विचारत नाही. विचारला असतात तर सांगितलं असतं, अशी मी पुष्कळ वर्षं स्वतःची समजूत घातली. त्यानंतर तुम्ही संशोधनाचं कपाट उघडलं नाहीत.

मी मात्र विकरांवरच डॉक्टरेट केली. उकळूनही टिकणारं विकर शोधायचं, हाच माझा जन्माचा उद्योग झाला. याच विषयाला का धरून बसलात, असं लोक विचारतात, मी त्यांना कापडगिरण्यांत कापडाची खळ काढायला असं विकर लागतं, असं काहीतरी सांगते. चोपड्याकडच्या उनपदेवच्या गरम झऱ्यातला चिखल बाटल्यांत भरून नेला आणि त्यातल्या जंतूंत तसं विकर खरोखर मिळालं. ती नळी मी घड्याळ लावून स्वतः उकळली, चाळीस वेळा. अजूनही ते काम विद्यार्थ्यांना देत नाही. ते मला विक्षिप्त म्हणतात, म्हणोत बापडे. पाण्याला उकळी फुटली की मी मागे वळून बघते. तुम्ही खडूच्या हातांनी उभे असता, आणि मला भीती वाटते.

त्यावरचा माझा निबंध छापून आला तेव्हा तो घेऊन मी धुळ्याला तुमच्या घरी आले. तुम्ही निवृत्त होऊन तिथे राहत होतात. तुमच्या पत्नी, आमच्या अक्का, दारातच म्हणाल्या, "बठ्ठं सोडी दिधं त्यासनी, पन तुनं नाव रोज काढतस." सगळं सोडलंत, पण माझं नाव रोज काढत होतात. तुम्ही निबंध दोनदा वाचलात. मग चष्मा काढून विचारलंत, "म्हणजे केळीतही असू शकेल?" तेव्हा सांगायचं होतं. मी आलेच होते त्यासाठी.

"असू शकेल, सर," मी म्हणाले.

वर्षाच्या आत तुम्ही गेलात. भेटायला गेले तर अक्कांनी एक वही पुढे केली. माझ्या त्या उत्तरानंतर तुम्ही रोज स्वयंपाकघरात साली उकळत होतात. ओळीमागून ओळ, पांढरी, पांढरी, पांढरी. आणि शेवटी, 'माझ्याच हातात चूक असावी. तिच्या हातून झालं होतं.' मी वही वाचायला म्हणून मागून घेतली.

हे पत्र धुळ्याला टाकलं तर अक्का नातवाकडून वाचून घेतील, म्हणून टाकणार नाही. त्या आता थकल्यात. मागच्या महिन्यात त्यांचा निरोप आला, वही परत पाठव, नातवाला आजोबांचं काम बघायचंय. वही माझ्या टेबलाच्या खणात आहे. घर बदलताना हरवली, असं मी त्यांना कळवलं.