शोकेसमधला ग्राइंडर

२२ फेब्रु., रवि., जळगाव

खोकं आलं एकदाचं. ऋतुजाचा कॉफी ग्राइंडर! पुण्याच्या कंपनीत लागल्यापासून तिनं स्वतः आखलेली पहिली वस्तू. खोकं उघडताना ह्यांना चिकटपट्टी सुटेना, कात्री मीच घेतली. राखाडी रंग, अंगावर एकही धारदार कड नाही, बटण बोटाखाली बरोबर येतं. माझ्या पोरीनं केलंय. दिवसभर हेच एक वाक्य मनात.

ह्यांनी लगेच हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला. मग शोकेसमधला काचेचा टी-सेट खाली उतरवून तिथं ग्राइंडर. म्हटलं, ती वापरायची वस्तू आहे. "असू दे दोन दिवस. लोक येतील बघायला."

ऋ.चा फोन. "मम्मी, हा नमुना आहे. मोठा साचा अजून कापायचाय. वापरून बघ आणि खरं सांग."

मला सांगतेय! ठिबकच्या कारखान्यात सगळी नोकरी माल तपासण्यात, म्हणजे क्यूसीत, गेली. साचा एकदा पोलादात कापला की चूक हजारात निघते, हे मला कुणी शिकवायला नको. नापास मालावर लाल मार्करची फुली मारायचे. फुलीवाले ड्रिपर, नळीवरच्या त्या छोट्या तोट्या, घरी आणले की लहानपणी ऋ. त्यांच्या माळा करून गळ्यात घालायची.

२४ फेब्रु., मंगळ.

सगळी कॉलनी येऊन गेली. "भारी." "एकदम फॉरेनचा वाटतो." दळला मात्र एक दाणा कुणी नाही. आपल्याकडे कौतुकाच्या वस्तूला हात लावत नाहीत, लांबूनच मान डोलवतात.

दुपारी हे झोपल्यावर मीच खाली काढला. ऋ.ने पाठवलेल्या बिया टाकल्या. आवाज छान, दमदार. पण पूड कपात कमी, ओट्यावर जास्त. भुकटीच भुकटी, साखरेच्या डब्यावरसुद्धा. माझं डोकं सटकलं, लगेच फोन लावला.

"मम्मी, कप उलटा लावलायस. खाच मागं पाहिजे."

बघितलं. उलटाच होता.

"मान्य. पण उलटा बसतोच कसा तो? चुकीचा लावला तर बसूच नये, असा करायचा भाग."

"हं. लिहून घेतलं." एकेक बरोबरीत सुटलो. आवडलं मला. वाद घालताना आवाज अगदी माझ्यासारखा लागतो तिचा.

कॉफी केली. आपल्या पद्धतीनं, दुधात, जायफळ घालून. हे म्हणाले, चहा टाक.

२८ फेब्रु., शनि., धुळे

ग्राइंडर घेऊन अक्कांकडे. अक्का म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण, ऋ.च्या आत्या. तिला अंगाखांद्यावर खेळवलेलं, त्यांना दाखवल्याशिवाय ह्यांना चैन कुठलं. बसमध्ये पूर्ण रस्ता मांडीवर धरून बसले होते, शेंगदाणेसुद्धा खाल्ले नाहीत.

आणि मग जे व्हायचं ते झालं. मी शेजारी निरोप द्यायला गेले. येते तर अख्ख्या घरात वास! अक्कांनी वर्षाचा काळा मसाला भाजायला काढला होता. खोबरं, धने, लवंगा, दगडफूल, मिरच्या. आणि तो चालला होता ग्राइंडरमध्ये. हे स्वतः चमच्यानं घालत होते!

"अहो, काय करताय? कॉफीचा आहे तो!"

अक्का म्हणाल्या, "मनी भाचीनी बनाडी ना मशीन? मंग बठ्ठं दयाई जाई." भाचीचं मशीन, म्हणजे त्यात सगळंच दळलं जाणार!

पहिला कप खरंच सुरेख निघाला. अक्कांनी गल्लीतल्या बायकांना हाक मारून चिमूटचिमूट तळहातावर दिला. दुसऱ्या वेळी खोबऱ्याला तेल सुटलं, मशीन घरघरलं आणि बंद. ह्यांचा चेहरा बघवेना. मी ओरडणार होते, पण आधी प्लग काढला.

१ मार्च, रवि., धुळे

सकाळी ग्राइंडर पुसायला घेतला. थंड झाल्यावर चालू झाला परत, दणकट आहे. वरचं भांडं निघतं. दातेरी चक्री निघते. तिच्याखाली मात्र पूड बाहेर पडायची वाट आहे आणि त्या वाटेला आत एक कोनाडा. तिथं बोट जात नाही, ब्रश जात नाही. खालचा भाग कायमचा बंद, उघडायची सोयच नाही. पालथा घालून थोपटला, तांदूळ दळून बघितले, तरी काळी भुकटी येतेच आहे.

त्यात कॉफी दळली. मसाल्याची कॉफी! अक्कांनी कप रिकामा केला. "झकास शे." हे हसले. मीही हसले.

मग हसू थांबलं. मसाला घातला ही चूक आमची, ऋ.ची नाही. पण मसाला जिथं बसून राहतो तिथं कॉफीपण बसणार. रोजची थोडी थोडी. आत खवट होणार आणि रोजच्या ताज्या पुडीत मिसळत राहणार. मसाल्याला वास होता म्हणून कळलं. विकत घेणारा बिचारा बियांना नावं ठेवील.

वाईट वाटलं. खूप. वरून इतकं देखणं काम आणि पोटात हे.

४ मार्च, बुध., जळगाव

दोन दिवस लिहिलं नाही. ह्यांच्याशी वाजलं.

"सांगू नकोस तिला. पोरीची पहिली वस्तू आहे. छान आहे म्हण आणि विषय संपव."

"आणि परक्याची असती तर?"

"परक्याची नाहीये ना पण."

पटलं नाही. परक्याचा माल नापास करायला काय लागतं, ते रोजच करत होते. संध्याकाळी ग्राइंडर पालथा घातला, लाल मार्कर घेतला आणि बुडाला फुली मारली.

मग फोन. सगळं सांगितलं, मसाल्यासकट. आधी ती हसली. "आत्यानं मसाला दळला त्यात?" मग कोनाड्याचं सांगितलं तशी हसायची थांबली.

"म्हणजे नापास?"

"नापास."

"बरं," म्हणाली. फोन ठेवला.

७ मार्च, शनि.

फोन नाही. हे स्वतःचा चहा स्वतः करून घेतायत, म्हणजे राग मोठा आहे. मशीन पुन्हा शोकेसमध्ये, फुली खाली, कुणाला दिसत नाही.

माझंही चित्त थाऱ्यावर नाही. पण फुली पुसावी असं एकदाही वाटलं नाही. खोटं पास करून तिच्यासमोर कुठल्या तोंडानं बसले असते. तरी एवढ्या लांब एकटी असताना त्या "बरं"नंतर तिनं काय केलं असेल, जेवली असेल का?

११ मार्च, बुध.

फोन आला! मी ताटं घेत होते, हातातलं तसंच ठेवून धावले.

"मम्मी, मला माहीत होतं ते."

काय?

तिच्या पहिल्या आराखड्यात खालचा भाग उघडत होता. मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, खालून सांध्याची रेघ दिसते, बरी दिसत नाही, आणि आत कोण बघतंय. हिनं एकदा विरोध केला, मग गप्प बसली. पहिलंच काम, अडून बसले तर काढून घेतील म्हणून.

"मग मला कशाला पाठवलास?"

"तू पास म्हणाली असतीस तर मी पण स्वतःला पास म्हणून टाकलं असतं."

म्हणजे मी त्या दिवशी ह्यांचं ऐकलं असतं तर!

सोमवारी साच्याची शेवटची मीटिंग. त्यानंतर पोलाद कापायला जाणार. ती पुन्हा विषय काढणार आहे. "त्यात मसाला आहे ना अजून? धुऊ नकोस. अजिबात धुऊ नकोस. मी न्यायला येते."

हे दारात उभं राहून ऐकत होते. नंतर दोन कप चहा करून आणला. एक माझ्यापुढं ठेवला.

१४ मार्च, शनि.

ऋ. आली. वाळलीय. शेवभाजी केली होती, भाकरी कुस्करून दोनदा घेतली, नाक पुसत पुसत. अक्कांचा फोन आला, "आते मना मसाला पुनाले जाई राह्यना का?" आपला मसाला पुण्याला निघालाय, याचा त्यांना फारच आनंद.

जेवल्यावर तिनं ग्राइंडर काढला, पालथा केला. फुली दिसली. अंगठा फिरवला त्यावरून. मला वाटलं, पुसणार. नाही पुसली. "मार्कर पक्का आहे तुझा," म्हणाली.

विचारलं, काम काढून घेतलं तर? "तर घेतील," म्हणाली. पण झोपायला माझ्याजवळ आली, लहानपणासारखी भिंतीकडे तोंड करून. धास्ती आहे तिला. मला नाही का! पण ऊरसुद्धा भरून येतो. माझ्या पोरीला आपलाच माल नापास करता येतो. आमच्या कारखान्यात भल्याभल्यांना जमलं नव्हतं.

१५ मार्च, रवि.

गेली. हे स्टेशनपर्यंत पिशवी मांडीवरच धरून रिक्षात बसले होते.

१७ मार्च, मंगळ.

मीटिंग काल झाली. आज ऋ. बोलली.

हिनं टेबलावर सगळ्यांसमोर कॉफी दळली, पाजली. साहेबांनी एक घोट घेतला आणि कप लांब ठेवला. "मसाला कुणी घातला?" "आत्यानं." "आणि ही फुली?" "आईनं. आमच्या घरची क्यूसी आहे ती." कुणीतरी हसलं म्हणे. साहेब हसले नाहीत, रागावलेही नाहीत. साचा थांबवलाय. आराखडा बदलणार का, आणि बदलला तर तिच्याकडे राहणार का दुसऱ्याला देणार, पुढच्या आठवड्यात कळेल.

"भीती वाटते का?" म्हटलं.

"वाटते. पण कोनाडा आहे, तो आहेच ना."

संध्याकाळी शेजारचे नाना आले. ऋ.चं कौतुक करायला पाहुणा घेऊन आले होते. शोकेसमध्ये जागा रिकामी. टी-सेट परत ठेवू का म्हणून ह्यांना सकाळीच विचारलं होतं, नको म्हणाले होते.

"मशीन कुठं गेलं हो?"

मी आतून ऐकत होते. हे ताठ बसले असणार, आवाजावरून कळतं.

"आमच्या पोरीनं बनवलेलं," हे म्हणाले, "आणि आमच्या हिनं नापास केलं. पोरगी स्वतः येऊन परत घेऊन गेली."

पाहुण्याला काय कळलं कोण जाणे. तो म्हणाला, "अरे वा, अभिनंदन!"

मी चहात आलं किसायला घेतलं. जरा जास्तच पडलं.