बबूनच्या हाती आमचे पासपोर्ट

रियाध, १२ मार्च १९९१

तीर्थस्वरूप सुधाताईस, शिरीषचा साष्टांग नमस्कार.

तुझा गुडघा आता कसा आहे? दाजींचा रक्तदाब? (बातम्या ऐकणं बंद केल्याशिवाय तो उतरायचा नाही, असं विभावरीचं मत.) आम्ही दोघं खुशाल आहोत. युद्ध एकदाचं खलास झालं.

आता दचकू नकोस. युद्ध चालू असताना आम्ही रियाधमध्ये नव्हतोच. जानेवारीत बँकेने पंधरा दिवसांची रजा दिली, कफीलने (म्हणजे आमच्या इथल्या जामीनदाराने) इकामे, म्हणजे राहण्याचे परवाने, ठेवून घेऊन पासपोर्ट हातात दिले, पण मुंबईचं तिकीट मिळेना. नैरोबीच्या दोन जागा होत्या, त्या घेतल्या आणि विभावरीच्या मावसभावाकडे उतरलो. चार दिवसांत युद्ध पेटलं, परतीची विमानं बंद झाली आणि पाहुणचार सहा आठवडे लांबला. तिसऱ्या आठवड्यात मावसभावाने (बिचाऱ्याचं घर दोन खोल्यांचं) आम्हाला जंगल बघायला धाडलं, ते सिंहांच्या भरवशावर की काय, देव जाणे.

नजर पोचेल तिथवर पिवळं गवत आणि त्यात आपल्या म्हशींच्या बेफिकिरीने चरणारे झेब्रे. एका जिराफाने गाडीत डोकावून विभावरीला इतकं निरखलं, की मला (लग्नाला अकरा वर्षं होऊनही) बरं वाटलं नाही. पुढे बाभळीखाली तीन सिंहिणी झोपल्या होत्या. आमचा ड्रायव्हर जोसेफ याने बजावलं होतं, काच उघडू नका, खाणं काढू नका. विभावरीने काच उघडली आणि बेसनाचे लाडू काढले. त्याच क्षणी बबून जातीचं एक दांडगं माकड आत घुसलं, हाताला लागली ती माझी कातडी पिशवी उचलून झाडावर गेलं. पिशवीत दोघांचे पासपोर्ट! ते गेले की नोकरी गेली आणि आम्ही कायमचे मावसभावाच्या घरी. या विचारानेच माझ्या अंगात बळ संचारलं. मी दार उघडलं, लाडवांचा डबा घेऊन थेट झाडाखाली गेलो आणि म्हणालो, "ए, मुकाट्याने टाक ते!" एका सिंहिणीने मान उचलली. मी हललो नाही. बबूनने पासपोर्ट चावून पाहिले, तोंड वाकडं केलं, पिशवी टाकली आणि डबा नेला.

रियाधच्या विमानतळावरच्या अधिकाऱ्याने पासपोर्टवरचे दात पाहून मला तासभर बसवून ठेवलं. सगळं ऐकल्यावर मात्र पोट धरून हसला आणि "यल्ला" (चला, निघा) म्हणत त्याने सोडलं.

तुझा,
शिरीष

ता. क. विभावरीने पत्र वाचलं. ती म्हणते, झाडाखाली ती गेली होती आणि मी दार आतून घट्ट धरून बसलो होतो. हे खरं आहे. (ती परत आल्यावरही ते जोसेफलाच उघडावं लागलं.)

आणखी एक. नैरोबीहून फोन केला तेव्हा दाजी ओरडून विचारत होते, "क्षेपणास्त्रं पडतायत का?" लाइन इतकी खरखरत होती, की मी कंटाळून हो म्हटलं. आज त्यांची पत्रिका आली: कराडमध्ये माझा जाहीर सत्कार, 'आगीतून परतलेला सुपुत्र' म्हणून. ताई, तो रद्द करू नकोस. हे पत्र बंबात घाल. फक्त एवढंच, की दाजींना माझ्या भाषणात हल्ल्याच्या वेळचे तळघरातले अनुभव हवे आहेत. शाळेत माझे निबंध तूच लिहायचीस. तेवढी दोन पानं लिहून पाठव, विमानात मी पाठ करतो.