आमेनच्या आधी

पांढुर्णा, २२ एप्रिल २०२५

चि. सुचिता हिस,
ख्रिस्तात मावशीचा सलाम, अ. उ. आ.

फोनवर तू हो-हो म्हणून मोकळी होतेस, म्हणून कागद घेतला. ईस्टरला तू दाराजवळ तोंड बांधून बसलीस. प्रभुभोजनाला माझ्या शेजारी गुडघे टेकलेस, पण सगळ्यांचा द्राक्षरसाचा प्याला पुढे येताच मान हलवलीस. परत येताना चर्चमधली शांताबाई म्हणाली, पोरगी लॅबमध्ये दिवसभर जंतूच पाहून राहिली, आता देवाच्या प्याल्यातही तिला तेच दिसतात. मी हसले, पण तो बोल मनात राहिला.

तुझ्या विज्ञानाशी माझं भांडण नाही. तुझी शाळेची पुस्तकं तुझ्याआधी मीच वाचायची. पण तुझे काका गेल्यापासून त्यांच्या जागी माझ्या शेजारी तूच असतेस. विश्वास सुटला असेल तर तसं सांग. रागावणार नाही.

माया आटू देऊ नको.
तुझी मावशी
विजयमाला

सौसर, २६ एप्रिल

ती. मावशीस,
सादर सलाम.

विश्वास जागेवर आहे, फुफ्फुस तेवढं बिघडलं. खोकला जात नव्हता म्हणून थुंकी तपासायला दिली होती. ईस्टरनंतर निकाल आला, टीबी आहे. तो प्याल्याने नाही, श्वासाने पसरतो. पण प्यायला तोंडावरचं काढावं लागलं असतं, आणि खांद्याला खांदा लावून तू होतीस. तूही तपासून घे.

गोळ्या सुरू केल्या, सहा महिने घ्यायच्या. तुला सांगायला भ्यायले. मंडळी प्रार्थना करील, महिन्याभरात मला बरं वाटेल आणि तुम्ही देवाचे आभार मानायला उपकारस्तुती ठेवाल. काकांनी उपकारस्तुतीचा शिरा खाल्ला आणि देवाने बरं केलं म्हणून याच गोळ्या मध्येच सोडल्या. प्रार्थना मलाही हवी आहे, मावशी. घाई नको.

शांताबाईंना सांग, प्याल्यात मला अजून द्राक्षरसच दिसतो.
तुझीच
सुचिता

पांढुर्णा, ३० एप्रिल

चि. सुचिता हिस,
सलाम आणि पुष्कळ आशीर्वाद.

तपासून आले, माझं काही निघालं नाही. शिऱ्याचं तू लिहिलंस ते खरं. तो शिरा मी पुन्हा केला नाही.

पाळकबाबांना सांगितलं, प्रार्थना आजपासून, उपकारस्तुती डॉक्टर म्हणतील तेव्हा. ते बरं म्हणाले. शांताबाई तुझ्यासाठी लाडू वळून राहिली. दुसरा डबा भरला.

एक कर. सकाळी गोळी घेतली की मला मिस कॉल दे. मी गुडघ्यावर बसलेली असेन. घंटी वाजली की आमेन म्हणेन, त्याआधी नाही.

तेव्हा उशीर करू नको, माझे गुडघे दुखतात.

वाट पाहणारी
तुझी मावशी