तुवालूला पडलेली चारशे त्रेसष्ट मतं

छत्रीबाग, इंदूर
बुधवार

तीर्थस्वरूप श्रीकृष्णदादांस,

धाकट्या हरीचा नमस्कार. (साष्टांग घालणार होतो, पण डाव्या गुडघ्याने परवानगी दिली नाही.) इकडे सगळे खुशाल. शारदाचं बीपी गोळीच्या ताब्यात आहे, माझी शुगर कोणाच्याच ताब्यात नाही. तुमचा खोकला कसा आहे? उषावहिनींची पाठ? मागच्या आठवड्यात लवंगी शेव पाठवली होती, ती पुण्याला पोचली का, हे विचारायलाही मार्ग उरलेला नाही, कारण तुम्ही माझा फोन उचलत नाही आणि व्हॉट्सअ‍ॅपवर माझ्या मेसेजला चार दिवस एकच टिक आहे. मतलब तुम्ही मला ब्लॉक केलंय. सख्ख्या भावाला! म्हणून हे पत्र. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

तुमचा राग बिलकुल रास्त आहे. आपली संहिता, तुमची सख्खी नात, बारावीपर्यंत ह्याच गल्लीत वाढलेली पोर, भारताची म्हणून बँकॉकला ‘मिस सेव्हन सीज’ स्पर्धेला जाते (सात समुद्र! आमच्याकडे पाण्याच्या नावाने खान नदी आणि एक दिवसाआड नर्मदेचा नळ), सत्तेचाळीस देशांच्या पोरींत ताठ मानेने उभी राहते, आणि लोकांच्या मतांवर जी एक मुलगी आशिया-पॅसिफिक गटातून थेट पुढच्या फेरीत जाणार होती, ती जागा तिच्या हातून दोनशे बारा मतांनी जाते. कोणाकडे? तर तुवालूच्या लोसाकडे. इथवर ठीक होतं, हारजीत चालायचीच. पण त्या मेल्या वेबसाइटने कुठल्या देशातून कोणाला किती मतं पडली त्याचा तक्ताच टाकला, आणि त्यात दिसलं की तुवालूच्या पोरीला भारतातून चारशे त्रेसष्ट मतं पडली आहेत. तुम्ही फोनवर गरजलात, हे घरभेदी कोण, नावानिशी यादी पाठव, नाहीतर मधुवंती सायबर पोलिसांत तक्रार देणार आहे. (तुमच्या सुनेचा स्वभाव मला माहीत आहे. ती देईलच.) आणि इंदूरच्या मतांची जिम्मेदारी तुम्ही माझ्यावर टाकली होती, तेव्हा चौकशी करून अहवाल देणं मला भाग आहे.

तीस वर्षं बिजली विभागात मी रजिस्टरं भरली ती काय उगाच? काम हाती आल्याबरोबर नवी वही आणली, ज्येष्ठ मंडळाची बैठक बोलावली आणि त्रेसष्ट जणांची खाती काढली. एका खात्याला रोज एक मत, दहा दिवस. ज्यांना ईमेल नव्हता त्यांना मी काढून दिला. (श्रीपादरावांना होता, पण तो त्यांना आठवत नव्हता, म्हणजे तेही त्यातच आले.) पासवर्ड सगळ्यांचा एकच ठेवला, ‘संहिता एक दोन तीन’, म्हणजे कोणी विसरायला नको. खरा ताप झाला तो ओटीपीचा. अर्ध्या जणांचा ओटीपी सुनेच्या मोबाइलवर जायचा, सून ऑफिसात, मग सासूबाई फोन करून फर्मान काढणार की मिटिंग सोड, देशाचा प्रश्न आहे. दोन घरांत त्यावरून जी धुसफूस झाली ती अजून मिटलेली नाही.

रोज चार वाजता मंडळाच्या हॉलमध्ये चहा, मग मोठ्या टीव्हीवर स्पर्धक मुलींचे व्हिडिओ, मग मतदान, असा कार्यक्रम मी आखला. व्हिडिओ दाखवले हीच माझी चूक. संहिताच्या फोटोवर बोट दाबा आणि घरी जा, एवढंच सांगायला हवं होतं. दादा, आपल्या बायकांपुढे लग्नाच्या वयाच्या सत्तेचाळीस मुली ओळीने उभ्या केल्या तर काय होणार? पहिल्याच दिवशी स्थळं बघणं सुरू. पेरूची फारच उंच, वर कुठून शोधायचा. नॉर्वेची छान आहे, पण एकुलती एक, म्हणजे आईबाप तिच्याकडेच येणार. लेबननची नाकीडोळी नीटस, पण बोलण्यात केवढा फणकारा! एका बाईंनी (नाव लिहीत नाही, त्यांचा नातू बंगलोरला आहे आणि चौतीस पूर्ण आहे) घानाची जी डॉक्टर मुलगी आहे तिची जन्मवेळ कुठे मिळेल हे मला कोपऱ्यात घेऊन विचारलं. पोहण्याच्या पोशाखाची फेरी आली तेव्हा श्रीपादराव, वय ब्याऐंशी, मोठ्याने म्हणाले की असलं काही आपल्याला बघवत नाही. मग त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने नीट पुसला, परत लावला, आणि बघवत नाही बघवत नाही म्हणत शेवटपर्यंत बघितलं. संहिता आली की मात्र सगळा हॉल टाळ्यांनी दणाणायचा, हे मी देवाशपथ सांगतो.

तिसऱ्या दिवशी ती लोसा आली. बाकीच्या पोरी कोणी हेलिकॉप्टरमधून उतरत होत्या, कोणी घोड्यावरून. ही एका शाळेच्या ओट्यावर मांडी घालून बसली होती. इंग्रजीत बोलत होती, आमची शारदा शेजारी उभी राहून मराठीत सांगत होती. माझा देश नऊ बेटांचा, सगळी मिळून माणसं अकरा हजार. (म्हणजे आपल्या वॉर्डात याहून जास्त भरतील.) मी लहान मुलांना शिकवते. समुद्र दरवर्षी थोडा थोडा घरात येतो. माझा पोशाख आजीने पानं विणून केलाय. आमच्याकडे नेट कधी असतं, कधी नसतं, त्यामुळे मला मतं फारशी पडायची नाहीत, पण नकाशात आम्ही कुठे आहोत तेवढं एकदा बघून ठेवा. एवढं बोलून हसली. एक दात जरा पुढे आहे, पण हसली फार गोड. आणि खाली तिच्या मतांचा आकडा आला: सतरा. अहो सतरा! आपल्याकडे सत्यनारायणाला ह्याहून जास्त लोकांच्या चपला हरवतात. शारदाला पुढचं मराठी सुचेना, तिने पदर डोळ्याला लावला. त्या दिवसापासून मंडळी मोबाइल छातीशी धरून मत द्यायला लागली, आणि मला वाटलं, वा, काय गुप्त मतदानाची शिस्त आहे!

निकालानंतर तुमचा फोन आला आणि मी वही घेऊन चौकशीला बसलो. पासवर्ड एकच, त्यामुळे एकेक खातं उघडायला वेळ लागला नाही. आत कोणी कोणत्या दिवशी कोणाला मत दिलं सगळं लिहिलेलं होतं. बघत गेलो. तुवालू, तुवालू, तुवालू. घरोघरी जाऊन जाब विचारला तर सगळ्यांचं उत्तर एकच. अपनी पोर तो अपनीच आहे भिया, तिला बाकी बासष्ट जण आहेत, माझ्या एका मताने काय होतंय, पण त्या बिचारीला सतराच! प्रत्येकाला वाटत होतं की हा भलेपणा आपण एकट्यानेच केला. श्रीपादराव तर उलट माझ्यावरच चढले, म्हणाले, आपल्या नातीला मत देणं म्हणजे वाढप्याने आधी स्वतःच्याच पानात श्रीखंड घेणं, असले संस्कार आमच्यावर नाहीत. (हेच श्रीपादराव पंगतीत काय करतात ते तुम्ही पाहिलंय.) एका खात्यात दहाची दहा मतं घानाला निघाली, ती कोणाची हे सांगायला नको. शेवटी आमच्या घरातलं खातं उघडलं. आठ मतं लोसाला. शारदाला विचारलं, हे काय? ती म्हणाली, पोळ्या गार होतायत, आधी जेवून घ्या.

इतके दिवस मला हे सगळं हसण्यावारी न्यावंसं वाटत होतं. पण परवा संहिताचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं बोलली, आजीचे गुडघे, गल्लीतलं कुत्रं. मग म्हणाली, “हरी आजोबा, माझ्यात काय कमी होतं हो? बाहेरच्यांचं सोडा, आपल्याच देशातल्या एवढ्या लोकांना मी का नको वाटले?” दादा, सत्तरी ओलांडली, पण इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. ती समजते आहे की कुठल्यातरी चारशे त्रेसष्ट परक्या माणसांनी तिला नापसंत केलं, आणि ती माणसं कोण, तर जिने हिला न्हाऊमाखू घातलं ती, आणि ज्याच्या सायकलवर ही पुढे बसून शाळेत गेली तो. मी म्हटलं, काही कमी नाही बेटा, हॅलो, हॅलो, आवाज येत नाही, आणि फोन ठेवून दिला. आवाज स्वच्छ येत होता.

तर हा माझा अहवाल. घरभेदी कोणी नाही, किंवा मग अख्खी छत्रीबाग आहे. नावानिशी यादी हवीच असेल तर मंडळाच्या वर्गणीची पावतीवही बघा, तीच यादी आहे. वहिनींना नमस्कार, मधुवंतीला आशीर्वाद. प्रकृतीला जपा आणि रात्री दही खाऊ नका.

तुमचा (अजूनही असलो तर) धाकटा भाऊ,
हरी

ता. क. शारदा म्हणते, अर्धवट अहवाल पाठवू नका. ठीक आहे. माझ्या स्वतःच्या खात्यात पहिले दोन दिवस संहिता आहे आणि पुढचे आठ दिवस लोसा. मी निरीक्षक होतो, मला ठाऊक असायला हवं होतं, पण मलाही वाटलं की बाकीचे बासष्ट आहेतच.

ता. क. दुसरा. खरं काम आता लिहितो. मधुवंतीला त्या सायबर तक्रारीपासून थांबवा. पोलीस आले की वही मागतील, आणि वहीत पहिलंच खातं तुमचं आहे. (तुम्हीच पुण्याहून फोन करून माझ्याकडून काढून घेतलं होतंत.) दादा, तेही मी उघडलं. पहिले दोन दिवस संहिता. मग आठही दिवस लोसा, रोज पहाटे सव्वापाचला, म्हणजे बहुतेक संध्येला बसायच्या आधी. मी कोणाला बोललो नाही, आणि मनापासून सांगतो, ते बघून मला तुमच्यावर फार माया आली. पण आता पोरीला खरं तुम्हीच सांगा. ती नको होती म्हणून नाही, ती आपलीच आहे म्हणून आम्ही सगळे निर्धास्त राहिलो, हे तिला कळायला हवं. माझ्यावर ती रागावेल, तुमच्यावर आजवर कधी रागावली नाही. आणि जमलं तर मला अनब्लॉक करा.

ता. क. तिसरा. पाकिटाला डिंक लावत होतो तोच उषावहिनींचा फोन आला. तुम्ही फिरायला गेला होतात. बाई रडत होत्या. त्यांनी पुण्यातच वेगळं खातं काढलं होतं, त्यातलीही आठ मतं लोसालाच. म्हणाल्या, “भाऊजी, यादीत माझं नाव घाला, पण ह्यांना कळू देऊ नका. सगळ्या घरात एका ह्यांनीच नातीला सोडलं नाही, त्यांना फार लागेल.” मी म्हटलं, नाही हो वहिनी, त्यांना कशाला कळतंय!