एकेचाळीस कार्डं आणि फान्सूचं पिंप

मी, सीबो जादामा, फान्सू जादामाची विधवा, वय अंदाजे अडुसष्ट, गांबिया नदीकाठच्या बान्तांकुंडा गावची, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. थकलंय ते हृदय. हा कागद मी कोणाच्या धाकाने किंवा आमिषाने करत नाही. आमिषाला एकदा भुलले, त्याचा खुलासा कलम तीनमध्ये आहे. मी सांगते, डेंबो मास्तर लिहितात.

कलम एक. घर आणि दोन शेळ्या धर्माप्रमाणे मुलगा सेकू आणि मुलगी न्यीमा यांना. सेकूला काही मिळू नये अशी माझी फार इच्छा होती, पण इमाम म्हणाले, वारसाचा वाटा तुला तोडता येत नाही, फक्त तिसरा हिस्सा तुझ्या मर्जीचा. बरं, तर घे बाबा.

कलम दोन. माझ्या मर्जीच्या हिश्श्यात भाजीमळ्यातले माझे चार वाफे, कुदळ, झारी आणि विहिरीचा दोर येतो. हे सगळं गावच्या बायकांच्या मंडळाला. तीदा सांभाळील. तिच्याशी माझं अकरा वर्षं कांद्याच्या वाफ्यावरून भांडण होतं. चूक तिची होती, तरी मिटलं असं समजावं.

कलम तीन. सेकू सत्तेतल्या पक्षाचा गावातला पुढारी. पावसाळ्यात तो म्हणाला, स्वस्त बियाण्याच्या यादीसाठी बायकांची मतदार कार्डं लागतात, आठवड्यात परत देतो. प्रत्येकीला तांदळाचं पोतंही देत होता. मी मंडळाची प्रमुख. दारोदार फिरून मीच सांगितलं, माझ्या पोटचा आहे, द्या. माझ्या तोंडाकडे बघून चाळीस जणींनी दिली. माझं धरून एकेचाळीस. बियाणं आलं नाही, कार्डंही नाहीत. आमच्या बायकांची मतं विरोधकांना जातात हे त्याला ठाऊक होतं. तो भात मी शेंगदाण्याच्या कालवणाबरोबर चवीने खाल्ला, याची मला किळस येते. आपलेच दात आपलेच ओठ म्हणून मी गप्प बसणार नाही.

कलम चार. माझ्या नवऱ्याने मतदानाची पिंपं जोडली. इंग्रज गेला तेव्हा वाचता येणारे थोडे होते, पण आपल्या उमेदवाराच्या रंगाच्या पिंपात काचेची गोटी कोणालाही टाकता येते. पिंपात गोटी पडली की आत घंटी एकदाच वाजते, आणि बाहेरच्या रांगेला कळतं की एका माणसाचं मत पडलं. मतदानाच्या दिवशी केंद्राजवळ सायकलीलाही बंदी, घंटीचा घोटाळा नको म्हणून. ज्या बापाने घंटी दहा-दहा वेळा वाजवून तपासली, त्याच्या मुलाने ती वाजण्याआधीच बंद पाडली. नमुन्याचं एक पिंप ओसरीवर आहे. ते शाळेला द्यावं. पोरांना तो आवाज ओळखता आला पाहिजे.

कलम पाच. माझ्या मातीला पक्षाचे सदरे, पक्षाची भाषणं, पक्षाचा तांदूळ नको. दफनाआधी मोठा मुलगा उभा राहून विचारतो, आईकडे कोणाचं काही राहिलंय का? सेकूने विचारावं. त्यावर बायकांनी गप्प राहू नये. माणसाचा हक्क माणसानेच माफ करायचा असतो, देव त्यात पडत नाही. सगळी कार्डं मतदानाआधी परत आली नाहीत, तर मी सेकूला माफ केलेलं नाही. तिथेही करणार नाही.

एवढं वाचून होत असताना सेकू आला. साक्षीदार म्हणून मीच बोलावलं होतं. सगळं उभ्यानेच ऐकलं.

"आई, गावात माझी अब्रू घालवतेस?"

"होती कुठे? दाखव, तीही कोणाच्या तरी नावावर करते."

तो गेला आणि पत्र्याची पेटी आणून ओसरीवर ठेवली. तीदाने कार्डं मोजली. चाळीस. माझं नव्हतं.

"तू आजारी आहेस," तो म्हणाला. "उन्हात रांगेत कशाला उभी राहतेस?"

आणि सही न करता निघून गेला. चाळीस जणी मत देतील, त्याचा मला आनंद आहे. पण कलम पाचमध्ये 'सगळी' असं लिहिलंय. ते तसंच राहील.

साक्षीदार: इमाम फोदे दाबो (सही). तीदा सान्ने (अंगठा). सेकू जादामा (जागा कोरी).

बान्तांकुंडा, मंगळवार, मतदानाला अकरा दिवस बाकी.

सीबो जादामा, डाव्या हाताचा अंगठा. या वर्षी माझ्या बोटाला शाई लागली ती एवढीच.